हॉटेलात कोल्ड्रिंकचं बिल कसं आवरायचं

हॉटेलात बसल्यावर मेनूकार्ड मागून उघडा. पनीर आणि काजू-करीचे दर आपल्याला अंदाजाने ठाऊक असतात. खिसा हलका होतो तो शेवटच्या पानावर, जिथं सरबतं, सोडे, मॉकटेल, ताक, लस्सी छापलेली असते. ते पान बहुतेक टेबलांवर कुणी वाचतच नाही. वेटर विचारतो, "प्यायला काय आणू?" पोरं एका सुरात ओरडतात, मोठी माणसं "आण बाबा काहीतरी गार" म्हणतात, आणि दर कळतो तो बिल आल्यावर.

मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि हॉटेलांचे हिशेब लिहिते. दोन फॅमिली रेस्टॉरंट, एक मटणाची खानावळ, मिरजेतला एक नाश्त्याचा गाडा जो आता दुकान झालाय, अशी माझी गिऱ्हाइकं. माल आला किती रुपयांचा आणि टेबलावर गेला किती रुपयांना, हे दोन्ही आकडे माझ्याच वहीत पडतात. मालकांच्या विरोधात मला काही लिहायचं नाहीये, त्यांच्यावर माझं घर चालतं. पण त्यांना सुटावं म्हणून आपण न बघता प्यावं, असंही कुठं ठरलेलं नाही.

आधी एक बिल मांडून दाखवते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. सात माणसं, शाकाहारी हॉटेल, एसी हॉल. जेवण १६४० रुपये. प्यायला तीन फ्रेश लाइम सोडा ८० प्रमाणे २४०, पोरांना दोन निळी मॉकटेल १५० प्रमाणे ३००, पाण्याच्या तीन बाटल्या ३० प्रमाणे ९०, आणि दोन ताक ८०. झाले ७१०. एकूण २३५० आणि वर पाच टक्के जीएसटी. म्हणजे शंभरातले तीस रुपये पिण्यात गेले, आणि त्यातलं पोट भरायला एक ताकच काय ते कामाला आलं.

हे असं का होतं, तर जेवणाच्या दराची तुलना होते आणि पेयाच्या दराची होत नाही. शंभर फुटी रस्त्यावरच्या कुठल्याही मालकाला विचारा. थाळी वीस रुपयांनी वाढवली की गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. तेलाचा डबा महागला, १९ किलोचा सिलिंडर महागला, पोळ्या करणाऱ्या मावशींचा पगार वाढला, तरी थाळीला हात लावायची हिंमत होत नाही. मग नवीन मेनूकार्ड छापताना दहा-दहा रुपये शेवटच्या पानावर चढतात. लाइम सोडा सत्तरचा ऐंशी झाला म्हणून कुणी हॉटेल बदललेलं मी तरी ऐकलं नाही.

दुसरं कारण कराचं आहे, आणि ते जरा सावकाश समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर खाली आले म्हणून सगळीकडे बोलबाला झाला. पाण्याची बाटली १८ टक्क्यांवरून ५ वर आली, फळांच्या रसाची गॅस नसलेली पेयं १२ वरून ५ वर आली. पण कोला आणि बाकीची गॅसवाली गोड पेयं होती तिथंच राहिली. आधी २८ टक्के आणि वर १२ टक्के उपकर होता, आता सरळ ४० टक्के. आपल्याकडची हॉटेलं ५ टक्क्यांच्या पद्धतीत असतात, तिथं खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे कोल्याच्या क्रेटवर भरलेला चाळीस टक्के कर मालकाच्या अंगावर राहतो, तो बाटलीच्या दरात मुरतो, आणि त्या मुरलेल्या दरावर तुम्ही पुन्हा पाच टक्के देता. कर कमी झाला तर कोल्ड्रिंक स्वस्त का नाही झालं, म्हणून आमचे दीर माझ्याशी जेवताना वाद घालत होते. त्यांना हेच सांगितलं. पटलं की नाही माहीत नाही, पण त्या दिवशी त्यांनी ताक मागवलं.

आता टेबलावर काय करायचं ते.

पहिला प्रश्न पाण्याचा असतो आणि तो फार चलाखीने विचारला जातो: "पाणी गार आणू का नॉर्मल?" यातलं कुठलंही उत्तर दिलं तरी बाटलीच येते. त्यामुळे प्रश्नाला उत्तर न देता "दादा, साधं पाणी द्या, जगमध्ये" असं म्हणायचं. आवाज चढवायचा नाही, कारण सांगायचं नाही, लाजायचं तर मुळीच नाही. बरी हॉटेलं फिल्टर बसवून असतात. शंका असेल तर मशीन कुठं आहे ते बघून या, हात धुवायच्या बेसिनशेजारी दिसतंच. सासूबाईंना बाहेरचं पाणी सोसत नाही, म्हणून त्यांची घरची बाटली पिशवीत असते. त्याला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. आणि टेबलावर आधीपासून मांडून ठेवलेली बंद बाटली नको असेल तर बसल्या बसल्या परत द्या. झाकण फुटलं की ती तुमची.

मग क्रम. जेवण आधी सांगायचं आणि पेय नंतर. उलटं केलं की काय होतं? सोडा पाच मिनिटांत येतो, स्टार्टरला वीस मिनिटं लागतात. भूक लागलेली, समोर गार ग्लास, तो संपतो. जेवण तिखट निघतं, आपल्याकडे निघतंच, आणि दुसरा ग्लास सांगितला जातो. पेय ताटाबरोबर आणायला सांगितलं की एकातच भागतं. पोरांना घरून निघतानाच पाणी पाजून न्या. तहानलेलं पोर मेनूकार्डावरचं सगळ्यात महाग पेय बरोब्बर ओळखतं.

मॉकटेलबद्दल माझं मत कडक आहे. ते निळं-हिरवं जे येतं त्यात तळाशी थोडं रंगीत सिरप, ग्लासभर बर्फ, वर लिंबाच्या चवीचं बाटलीतलं कोल्ड्रिंक आणि काठाला लिंबाची चकती असते. दीडशे रुपये त्या उंच ग्लासाचे आणि नळीचे. पोरांना फोटो काढायचा असतो, हे मला कळतं. एक मागवा, दोन नळ्या मागा. आणि "बर्फ कमी" सांगा. बर्फ कमी झाला तर जागा भरायला पेय जास्त घालावं लागतं. काही ठिकाणी ग्लास तेवढाच कमी भरून देतात, तेव्हा पुढच्या वेळी तिथं नुसतं पाणी प्यायचं.

फ्रेश लाइम सोड्याचा हिशेब तुम्ही घरीच करू शकता. लिंबू एरवी पाच रुपयांना एक, एप्रिलमध्ये दहाला जातं. अर्धं लिंबू लागतं. साखर दोन-तीन चमचे, जेमतेम रुपयाभराची, आणि आपण तर साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहतो. सोड्याची वीसची बाटली चार ग्लासांना सहज पुरते. म्हणजे दहा-बारा रुपयांत ग्लास तयार. उरलेल्यातून जागेचं भाडं, एसीचं वीजबिल, फुटलेले ग्लास, पगार हे सगळं निघायचं असतं, त्यामुळे ऐंशी रुपये म्हणजे लूट असं मी म्हणणार नाही. पण सात जणांनी सात सोडे घ्यायचे का, हे बारा रुपये डोक्यात ठेवून ठरवा. सोडा मागवलाच तर स्वीट का सॉल्ट हे विचारेपर्यंत थांबू नका, आधीच सांगा. नाहीतर गोड आलेला परत पाठवून खारट मागवायचा, त्यात कधी दोन्ही बिलावर येतात.

बाटलीबंद कोल्ड्रिंक घ्यायचं असेल तर एकच प्रश्न: "किती मिलीची आहे, आणि कॅन का बाटली?" मेनूकार्डात नुसतं 'सॉफ्ट ड्रिंक – ६०' लिहिलेलं असतं, माप नसतं. २५० मिलीची प्लॅस्टिकची बाटली दुकानात साधारण वीसला मिळते आणि ३०० मिलीचा कॅन चाळीसला. पन्नास मिली जास्त आणि पैसे दुप्पट. हॉटेलात दोन्ही त्याच पटीत वर जातात. चार पोरं असतील तर साडेसातशेची एक बाटली आहे का विचारा. कार्डावर ती बऱ्याचदा छापलेली नसते, पण फ्रीजमध्ये असते, कारण परमिट रूमच्या बाजूला तीच लागते. सत्तर रुपये लावले तरी चार ग्लास निघतात.

वरचंच बिल असं करून बघा. साधं पाणी, पोरांना साडेसातशेची एक बाटली ७०, मोठ्यांना चार ताक १६०. ७१० च्या जागी २३०. करासकट पाचशेच्या वर वाचले आणि कुणी उपाशी-तहानेलं उठलं नाही.

ताकाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या भागात ते खरंच चांगलं मिळतं. भिलवडीच्या दुधावर वाढलेली माणसं आपण. पातळ, पांढरं पाणी ताक म्हणून आणून दिलं तर ओळखतो. मागवण्याआधी "साधं का मसाला?" यापेक्षा "आज केलेलं आहे का?" हे विचारा. पेठ नाक्याच्या बाजूला अख्खा मसूर-रोटी खायला गेलात तर तिथं ताकच घ्या. अख्ख्या मसूराच्या तिखटावर कोल्ड्रिंक प्यायलं की आग वाढते, ताकाने निवते. ढाब्यांवर कधी कधी जग भरून ताक मिळतं, तो दर ग्लासाच्या मानाने बराच बरा पडतो. कार्डावर नसलं तरी विचारायला काय जातंय?

मटणाच्या खानावळीत प्रश्न सोलकढीचा. काही ठिकाणी ताटात एक वाटी धरलेली असते, काही ठिकाणी वेगळी. "ताटात आहे का?" हे आधी विचारा, कारण वेटर न विचारता वाट्या आणून ठेवतो आणि आपण त्या ताटातल्याच समजून पितो. तांबडा-पांढरा परत परत वाढतात म्हणून सोलकढीही तशीच असेल असं धरून चालू नका.

आणि सगळं पिणं हॉटेलातच झालं पाहिजे असं कुणी सांगितलंय? आम्ही उन्हाळ्यात जेवणाआधी रसवंतीवर थांबतो. आलं-लिंबू घालून, बर्फाशिवाय, हाफ ग्लास. पोरांची गोडाची हौस तिथंच फिटते, मग हॉटेलात ती पाण्यावर राहतात. साताऱ्याला नणंदेकडे गेलो की जेवण आटपून राजवाड्याच्या चौपाटीवर जातो, तिथं सोडा पितात, कुल्फी खातात. त्याच गोष्टी हॉटेलच्या टेबलावर मागवल्या तर ताटाइतकं बिल होतं. जेवायला एका जागी आणि प्यायला दुसऱ्या, ही सवय लावून घ्या. चालणंही होतं.

एमआरपीवरून भांडण कुठं करायचं आणि कुठं नाही

हे नीट वाचा, कारण यात माणसं उगाच घसा फोडतात. टेबलावर बसून, ग्लासासकट, वेटरने आणून दिलेल्या बाटलीला हॉटेल एमआरपीपेक्षा जास्त लावू शकतं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ते मान्य केलंय: माणूस हॉटेलात नुसती बाटली विकत घ्यायला येत नाही, बसायची जागा आणि सेवा त्यात आलीच. तेव्हा वीसची बाटली तीसला का, म्हणून वेटरवर आवाज चढवण्यात अर्थ नाही. दर कार्डावर छापलेला होता का, एवढं मात्र बघायचं. कार्डावर एक आणि बिलावर दुसरं असेल तर काउंटरवर दाखवा. सहसा मालक गुपचूप दुरुस्त करतो.

दुकान, टपरी, स्टँडवरचा स्टॉल, रसवंतीशेजारचा फ्रीज, यांची गोष्ट वेगळी. फ्रीजमधून काढून नुसती हातात दिली तर छापील किमतीवर एक रुपया घेता येत नाही. 'गार करायचे दोन रुपये' हा प्रकार बेकायदेशीरच आहे, तो कितीही प्रेमाने मागितला तरी. मिरज जंक्शनवर रेल नीर घेतलंत तर लिटरची बाटली १४ रुपयांची आहे. जीएसटी उतरला तेव्हा ती पंधरावरून चौदावर आली. वीस देऊन सहा परत मागा. सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट हातावर ठेवलं तर ते परत ठेवा.

हायवेवरच्या फूड मॉलमध्ये आणखी एक गंमत दिसते. एकाच मालावर दोन वेगळ्या छापील किमती ठेवायच्या नाहीत, असा नियम १ जानेवारी २०१८ पासून आहे. म्हणून असेल, पण तिथल्या फ्रीजमध्ये गल्लीतल्या दुकानात कधी न दिसणाऱ्या मापांच्या बाटल्या असतात. किंमत बघताना मापही बघा. साताऱ्याहून येताना आम्ही कराडमध्ये आत वळून किराणा दुकानातून पाणी घेतो, आमच्या ह्यांना ते वळण आवडत नाही, पण पाणी त्यांनाच जास्त लागतं.

छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. फोन लावण्याआधी बाटलीवरच्या किमतीचा, दुकानाच्या पाटीचा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. पावती देत नसतील तर यूपीआयने पैसे द्या, रक्कम आणि वेळ आपोआप नोंदली जाते. तक्रार वैधमापनशास्त्र, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या विभागाकडेही करता येते. दोन रुपयांसाठी कोण करतं म्हणाल, तर मी करते.

बिलाच्या खालच्या ओळी

'एसीचा जीएसटी जास्त' असं सांगितलं तर ते खोटं आहे. नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडच्या हॉटेलांत एसी, गार्डन, साधा हॉल, सगळ्यांना पाच टक्केच. एसी हॉलचं मेनूकार्ड मात्र वेगळं, चढ्या दराचं असू शकतं. तेव्हा बाहेर लॉनवर बसलात तर लॉनचंच कार्ड मागून घ्या. संध्याकाळी कृष्णेवरून वारा येतो, एसीची गरजही नसते.

बरीच लहान हॉटेलं कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान धंद्यांनी विक्रीवर ठोक दराने स्वतः कर भरायच्या योजनेत असतात. त्यांनी गिऱ्हाइकाकडून जीएसटी घ्यायचाच नसतो, आणि तसं बिलावर छापावं लागतं. जीएसटी क्रमांकच नसलेल्यांनाही घेता येत नाही. बिलावर कर लावलाय पण क्रमांक नाही, किंवा वर 'कंपोझिशन' लिहून खाली पाच टक्के जोडलेत, असं दिसलं की शांतपणे बोट ठेवा. माझ्या गिऱ्हाइकांना मी हे पहिल्याच दिवशी बजावून ठेवते. नंतरचा त्रास मलाच होतो.

सर्व्हिस चार्ज आपल्याकडे फारसा दिसत नाही, पण पाचगणी-महाबळेश्वरला दिसतो. जेवणावर लागतो तसा तो कोल्ड्रिंकवरही लागतो आणि त्या वाढलेल्या रकमेवर जीएसटी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय की तो आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय. काढायला सांगा, काढतात. त्यातून शंभर-पन्नास वाचले तर ते वेटरच्या हातात द्या, तो दिवसभर उभा असतो.

वाढदिवस आणि छोटे कार्यक्रम

हॉल आणि जेवण एकत्र ठरवताना 'वेलकम ड्रिंक'सह प्लेटचा दर सांगतात. ते ड्रिंक म्हणजे कागदी कपात चार घोट नारिंगी सरबत. ते काढून टाकलं तर प्लेटमागे किती कमी कराल, हे विचारा. पन्नास माणसांत प्लेटमागे वीस रुपये उतरले तरी हजार झाले. तेवढ्या पैशांत मठ्ठा येतो, उन्हाळा असला तर पन्हं घरून करून नेता येतं. बाहेरचं चालेल का, हे मात्र आधीच पक्कं करा, बयाणा देण्याआधी. बयाणा दिल्यावर मालक ऐकत नाही.

कोल्ड्रिंक हवंच असेल तर सव्वादोन लिटरच्या बाटल्या किराणा दुकानातून छापील दरात किंवा थोड्या कमीत मिळतात. एका बाटलीत कागदी कपाचे चौदा-पंधरा होतात. पन्नास माणसांना चार बाटल्या पुरतात, कारण निम्मी मोठी माणसं घेतच नाहीत. दोन जास्त आणा, पण उरलेल्या बंद बाटल्या परत घेणार का, हे दुकानदाराला आणतानाच विचारा. आमच्या गल्लीतले मामा घेतात, पण ओल्या झालेल्या, लेबल सुटलेल्या घेत नाहीत. म्हणून सगळ्या एकदम बर्फात टाकायच्या नाहीत. दोन टाका, त्या संपत आल्या की पुढच्या दोन.